हिरवा दिवा खोटं बोलतो

गेल्या शनिवारी सकाळी पोह्यांची बशी हातात घेतली आणि फोन वाजला. हेल्पडेस्कवरचा पोरगा. "सर, दुसऱ्या बिल्डिंगमध्ये काही जणांचं मेल चालतंय, काही जणांचं नाही. स्विचवर तर सगळं हिरवं आहे!" बिचारा पहाटेपासून लोकांना पीसी रीस्टार्ट करायला सांगत होता आणि शिव्या खात होता.

दोन बिल्डिंगांमध्ये आमच्या दोन फायबर आहेत, लिंक ॲग्रिगेशन करून एकत्र बांधलेल्या. एक तुटली तर दुसरी आहेच, म्हणून सगळे निवांत. एक तुटली होती. मग दुसरीने भार का नाही उचलला?

कारण बांधणी स्टॅटिक होती, सिस्कोच्या भाषेत 'मोड ऑन'. यात स्विच समोरच्या स्विचशी काही बोलतच नाही. पोर्टवर लिंक दिसली की झालं, वायर चांगली! आणि मध्ये बसलेला मीडिया कन्व्हर्टर फायबर तुटली तरी अलीकडचं पोर्ट जिवंत ठेवत होता. कुठलं संभाषण कुठल्या वायरीने जाणार हे पत्त्यांवरून काढलेला हॅश ठरवतो. त्यामुळे तुटक्या वायरीच्या वाट्याला आलेली संभाषणं स्विच इमानेइतबारे खड्ड्यात टाकत राहिला.

मंडळी, यावर उपाय २००० सालापासून आहे. आयईईईच्या ८०२.३एडी मध्ये एलएसीपी आलं, २००८ पासून ते ८०२.१एएक्स मध्ये आहे. दोन्ही टोकं एकमेकांना खुशाली कळवत राहतात. स्लो टायमरवर दर ३० सेकंदांनी, फास्टवर दर सेकंदाला. तीन वेळा खुशाली चुकली की ती वायर जुडग्यातून बाहेर. म्हणजे ९० सेकंद, नाहीतर फक्त ३.

तरी लोक 'मोड ऑन' का टाकतात? "लगेच चालू होतं." "लोड पडतो." सेकंदाला एका पॅकेटचा लोड?? "समोरच्याला जमत नाही." हे कधी कधी खरं असतं, पण लिनक्सच्या बाँडिंगला मोड ४ मध्ये ते कधीपासून जमतंय. आणि शेवटचं ब्रह्मास्त्र, "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?"

बरं, एलएसीपी लावलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं असंही नाही. बहुतेक ठिकाणी मॉनिटरिंग फक्त पोर्ट-चॅनलवर असतं, आणि तो शेवटची वायर मरेपर्यंत 'अप'च दिसतो. एक वायर गेली हे दुसरी गेल्यावर कळणार! म्हणून अलार्म प्रत्येक मेंबर पोर्टवर लावा. 'शो ईथरचॅनल समरी' मध्ये प्रत्येक पोर्टपुढे कंसात 'पी' आहे का ते बघा. नसेल तर ते पोर्ट जुडग्यात नाही. आणि बांधणी झाली की रात्री एकेक फायबर स्वतः उपटून बघा. न उपटलेली रिडंडन्सी म्हणजे नुसती श्रद्धा.

सोमवारच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न आला, "हेल्पडेस्कने आधी का नाही कळवलं?" पोरगा मान खाली घालून बसला. मला सांगावं लागलं की त्याने स्क्रीनवर जे दिसत होतं तेच सांगितलं, स्क्रीनच चुकीची होती. आणि दोन वर्षांपूर्वी घाईत ती 'मोड ऑन'ची ओळ मीच टाईप केली होती.

असो. आज रात्री बदलतोय. तुमच्याकडे काय आहे, एकदा बघून घ्या.