पोडावरच्या पोरीनं अर्जात काय लिहावं?



झरी जामणी तालुक्यातल्या एका कोलाम पोडावरची पोरगी वकील झाली. आता तिला पुढं शिकायला अमेरिकेतल्या विद्यापीठात अर्ज करायचा आहे. इथल्या लॉ कॉलेजात जाताना सीईटीचे मार्क, जातीचा दाखला आन् वैधता प्रमाणपत्र लागलं. तिथं मात्र स्वतःबद्दल लिहून मागतात : तुम्ही कुठून आलात, तुमच्या येण्यानं वर्गात काय भर पडेल?

तिनं लिहिलेला कागद घेऊन ती आमच्याकडं आली. शहरातल्या कोणीतरी सांगितलं होतं, रडून लिही, पाझर फुटला पाहिजे. म्हणून सगळी गरिबी, अडाणी मायबाप, अंधार. पोडाचं नाव नाही, वावराचं नाही. आम्ही म्हटलं, बाई, वनहक्काच्या दाव्यात पोडावरच्या म्हाताऱ्यानं काय सांगितलं होतं?

ते तिला पाठ! कोणत्या मोहापासून कोणत्या नाल्यापर्यंत वहिती, कोणत्या साली नांगर जप्त झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायचा होता, आन् म्हाताऱ्या माणसाचं लिहून घेतलेलं सांगणं नियमात पुरावा धरलं आहे. म्हातारा कोलामीत बोलला, या शाळकरी पोरीनं ते मराठीत लिहिलं. मग वकिली तिनं तेव्हाच सुरू केली नाही का? आन् हेच कागदात नव्हतं.

आपल्याकडं राज्यात आदिवासींना ७ टक्के जागा राखीव आहेत, त्या हक्काच्या, कोणाच्या दयेच्या नाहीत. अमेरिकेत १९७८ पासून असा कोटा चालत नाही. २९ जून २०२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, नुसत्या वंशावरून प्रवेशात वजन देऊ नका. पण त्यापायी जगण्यात काय घडलं हे विद्यार्थ्यानं लिहिलं तर ते विचारात घेता येईल. म्हणजे 'मी आदिवासी' एवढ्यावर भागत नाही. घडलेलं सांगावं लागतं, दाव्यासारखं.

संघटनेत काही जण म्हणतात, गेलेली पोरं परत येत नाहीत. खरं आहे, पुष्कळ येत नाहीत. तरी 'परत येऊन माझ्या लोकांची सेवा करीन' हे वाक्य आम्ही तिला खोडायला लावलं. ते कोणीही लिहितं. आन् दुसऱ्याचं दुःख लिहायचं तर त्याला विचारून.

कागद तिसऱ्यांदा लिहून झाला आहे. बुधवारी ती तो म्हाताऱ्याला कोलामीत वाचून दाखवणार आहे. तो नाही म्हणाला तर नांगराची गोष्ट काढावी लागेल.