मोजपट्टी आपल्या मुलांच्या भाषेतली हवी

आपल्या बैठकांत फलकांची भाषा, उताऱ्यांची भाषा, सरकारी परिपत्रकांची भाषा यांवर तासन्‌तास चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण ज्या चाचणीवरून आपल्या मुलाची बुद्धी मोजली जाते तिची भाषा कोणती, हे सहसा कोणी विचारत नाही.

वास्तविक या कामाची सुरुवात आपल्याच भागातली. पॅरिसमध्ये बिने यांनी १९०५ साली पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. १९३४ मध्ये त्यांचे हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि १९४० मध्ये पुस्तक निघाले. दोन्ही भाषांची मुले त्यांनी सारख्याच आस्थेने तपासली, ही गोष्ट आज दोन्ही बाजूंनी आठवण्यासारखी आहे. ‘बिने-कामत चाचणी’ आजही दवाखान्यांतून वापरली जाते. पुढे नागपूरला मालिन यांनी १९६९ च्या सुमारास केलेली चाचणीही मराठीत आहे.

मग अडचण कुठे आहे? पहिली अडचण जुन्या मानकांची. न्यूझीलंडमधील अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की अनेक देशांत चाचण्यांतील सरासरी गुण दर दहा वर्षांनी सुमारे तीनने वाढत गेले. म्हणजे जुन्या मानकांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यांक फुगून दिसू शकतो आणि मदतीची खरी गरज असलेले मूल सुटून जाते. आम्ही बँकेत दहा वर्षांपूर्वीच्या तक्त्यावरून आजच्या ठेवीचे व्याज काढले, तर ग्राहक काउंटरवर भांडायला येईल. मुलाच्या बाबतीत भांडायला कोणी येत नाही, कारण चूक झाली हेच कळत नाही.

दुसरी अडचण याच्या उलट. घरी ‘काय करूलालास?’ ऐकत वाढलेल्या मुलाला कन्नड किंवा इंग्रजीतून प्रश्न विचारले, तर गुण कमी पडतात आणि धडधाकट लेकरावर शिक्का बसतो. पुण्यातल्या मुलांवर ठरवलेली मानकेही आपल्याला तंतोतंत लागू पडतील असे नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. त्यामुळे परीक्षेतील सवलती अशा तपासणीवर अवलंबून असतात. बँकांच्या लिपिक भरतीची परीक्षा प्रादेशिक भाषांतही घेण्याचा निर्णय केंद्राने २०२१ मध्ये घेतला. पदवीधरांना जी सोय मिळाली, ती सात वर्षांच्या मुलाला नको का?

हे काम घोषणांनी होणारे नाही. प्रश्न आधी थोड्या मुलांवर तपासायचे, निकामी प्रश्न काढायचे, मग शहर-खेड्यांतील प्रत्येक वयोगटाची पुरेशी मुले घेऊन सरासरी ठरवायची. ही वर्षांची मेहनत विद्यापीठाच्या विभागातच होऊ शकते. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात मानसशास्त्र विभाग आहे. मुंबई विद्यापीठात तर उपयोजित मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे.

म्हणून माझ्या तीन सूचना. मंडळाने या दोन्ही विभागांना लेखी विनंती करावी. आपल्या मराठी शाळांनी पालकांच्या संमतीने मुले उपलब्ध करून द्यावीत. आणि सीमाभागातील मराठी मुलांची मानके ठरवणाऱ्या एका संशोधक विद्यार्थ्याला मंडळाने शिष्यवृत्ती द्यावी. एखाद्या स्नेहसंमेलनाचा खर्च आटोपता घेतला तरी सुरुवात होईल.

घटनेच्या ३५० अ कलमाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगितले आहे. त्या शिक्षणात मूल का अडखळते, हे मातृभाषेतूनच तपासायला नको का? सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लागेल तेव्हा लागेल. आज दुसरीत अडकलेले मूल तोवर थांबणार नाही.