पहिल्यांची यादी

अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मुले, पुतणे, भाचे हल्ली चार दिवसांची सुटी जोडून आली की कॅरिबियन समुद्राकडे धाव घेतात. नोव्हेंबरातला तो सुटीचा गुरुवार, त्याला जोडून शुक्रवार, मग शनिवार-रविवार. न्यूयॉर्कहून विमानात बसले की सुमारे चार तासांत सांतो दोमिंगो. डोमिनिकन प्रजासत्ताकाची ही राजधानी. युरोपियनांनी अमेरिका खंडात वसवलेल्या आणि आजवर अखंड नांदत असलेल्या शहरांत ही सर्वांत जुनी. तेथे जाण्यास आमची मुळीच हरकत नाही. वाळूवर आडवे पडून आयते खाण्यापेक्षा शहर पाहावेसे वाटणे हे चांगलेच लक्षण आहे. आमचे भांडण आहे ते त्यांच्या हातातल्या यादीशी.

ही यादी इतक्या घरांतून आमच्या कानावर आली आहे की ती आता पाढ्यासारखी पाठ झाली आहे. अमेरिकेतले पहिले कॅथीड्रल, पहिला फरसबंदी रस्ता, पहिले इस्पितळ, पहिले विद्यापीठ, पहिला दगडी किल्ला. तीन दिवसांत असे आठ-दहा ‘पहिले’ गाठायचे, प्रत्येकापुढे उभे राहून छायाचित्र काढायचे, ते तत्क्षणी घरी पाठवायचे, आणि इकडे पुण्या-नागपुरात आईवडिलांनी ते शेजाऱ्यांपुढे धरून म्हणायचे, “हे तिकडचे सगळ्यांत पहिले बरं का!” शेजारीही कौतुकाने मान डोलावतात. पहिले म्हणजे कोणाचे पहिले, एवढा साधा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही.

कोलंबस या बेटाला लागला तो १४९२ च्या डिसेंबरात. तेव्हा तेथे तैनो लोकांची गावे होती, गावात खेळाची आणि समारंभाची मैदाने होती, मुखिये होते, रोग्याला औषध देणारे वैदू होते, देव होते. रस्त्यावरून माणसे चालत होती. रस्ता फरसबंद नव्हता इतकेच. भरल्या घरात शिरावे, आपली पथारी पसरावी आणि दारावर पाटी ठोकावी की ‘या घरात निजलेला पहिला माणूस’, त्यातला हा प्रकार. पाटी ठोकणाऱ्याचे समजू शकते. पाचशे वर्षांनंतर आपण ती पाटी वहीत उतरवून का घ्यावी?

आता शहराविषयी. कोलंबसाचा भाऊ बार्तोलोमे याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस ओसामा नदीच्या पूर्वकाठी ते वसवले. १५०२ साली वादळाने ते झोडपून काढले, तेव्हा गव्हर्नर निकोलास दे ओव्हांदो याने पश्चिमकाठी ते पुन्हा आखले: सरळ रस्ते, काटकोनात चौक, मध्ये मैदान, मैदानावर देऊळ. पुढे स्पेनने अमेरिकेत जी शेकडो गावे वसवली त्यांचा हा कित्ता. १९९० साली युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतले ते उगीच नव्हे. सकाळच्या उन्हात ‘काये लास दामास’ या रस्त्यावर उभे राहिले की दोन्ही बाजूंचा प्रवाळी दगड मधासारखा दिसतो. सौंदर्य नाकारण्याइतके आम्ही अरसिक नाही.

परंतु हा ओव्हांदो कोण? १५०३ साली त्याच्या आज्ञेने ते पहिले इस्पितळ स्थापन झाले. त्याच सुमारास तो सैन्य घेऊन बेटाच्या पश्चिमेकडच्या हाराग्वा प्रांतात गेला. तेथली राणी अनाकाओना. तिने पाहुण्यांचे स्वागत नाचगाण्यांनी आणि जेवणावळीने केले. पाहुण्यांनी तिच्या सरदारांना घरात कोंडून घर पेटवले, आणि तिला सांतो दोमिंगोला आणून फासावर चढवले. ओव्हांदोचा पुतळा आज ‘प्लासा दे एस्पान्या’ या भव्य चौकात उभा आहे, आणि त्याचे घर उंची हॉटेल झाले आहे. अनाकाओनाही शहरात आहे. कॅथीड्रलसमोरच्या बागेत १८८७ चा कोलंबसाचा पुतळा आहे. त्याच्या चौथऱ्याला बिलगून वर चढू पाहणारी एक स्त्री दाखवली आहे, ती अनाकाओना म्हणून ओळखली जाते. फासावर दिलेल्या राणीला ज्यांनी फाशी दिली त्यांच्याच नायकाच्या पायाशी कौतुकाने पाहत बसवावे, ही शिल्पकाराची कल्पना! छायाचित्र काढणारे बहुधा वरच्या कोलंबसाला चौकटीत घेतात आणि ती खाली राहते.

एक ‘पहिले’ मात्र त्या यादीत नसते, आणि ते एकट्यानेच सगळी यादी खोडून टाकणारे आहे. डोमिनिकन पंथाचे काही थोडे साधू १५१० साली येथे आले. वर्षभर त्यांनी खाणींत आणि शेतांत तैनो माणसे कशी मरतात ते पाहिले. मग सर्वांनी मिळून एक प्रवचन लिहिले, त्याखाली सह्या केल्या, आणि ते करण्यासाठी आपल्यातल्या आंतोनिओ दे माँतेसिनोस याला निवडले. तारीख २१ डिसेंबर १५११, रविवार. समोर कोलंबसाचा मुलगा दिएगो, म्हणजे खुद्द गव्हर्नर, आणि बेटावरचे सगळे मातबर. माँतेसिनोसने त्यांना तोंडावर विचारले की कोणत्या अधिकाराने तुम्ही या लोकांना गुलाम केले आहे आणि ही माणसे नव्हेत काय. मंडळी खवळली. मठात जाऊन त्यांनी दम भरला की पुढच्या रविवारी शब्द मागे घ्या. पुढच्या रविवारी देऊळ माफी ऐकायला तुडुंब भरले, आणि माँतेसिनोसने तेच पुन्हा सांगितले. वर, जुलूम चालू ठेवणाऱ्यांचा पापांगीकार आम्ही ऐकणार नाही, असेही बजावले. हे सारे आपल्यापर्यंत पोचले ते बार्तोलोमे दे लास कासास याच्या लेखणीमुळे. तो स्वतः त्या काळी तैनो मजूर राबवणारा जमीनदार होता, पुढे त्याने ते सोडले आणि आयुष्यभर त्यांची बाजू लढवली.

या प्रवचनाने चमत्कार घडला असे कोणी समजू नये. १५१२ च्या डिसेंबरात स्पेनमध्ये बुर्गोसचे कायदे झाले. त्यांत मजुरांना अन्न किती, विश्रांती किती ते लिहिले, पण वेठ तशीच ठेवली. १५१४ साली तैनोंची वाटणी झाली तेव्हा मोजणीत पंचवीस-सव्वीस हजार माणसे भरली. मूळची लोकसंख्या याच्या कैक पटींनी मोठी होती. त्यानंतर देवी आली. मजूर संपले म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणले, आणि एका टप्प्यावर तशी शिफारस करणाऱ्यांत लास कासासही होता. याचा त्याला पुढे पश्चात्ताप झाला, पण जहाजे थांबली नाहीत. १५२१ च्या नाताळात गुलामांनी बंड केले ते याच दिएगो कोलंबसाच्या उसाच्या मळ्यावर.

आमचे एक स्नेही म्हणाले, “अहो, सुटीला जातात ती पोरे. त्यांच्या मागे हे रडगाणे कशाला?” प्रश्न रास्त वाटतो, पण दिवाळीतच तो विचारावा याची गंमत वाटते. बलिप्रतिपदेला आपण काय करतो? पाताळात घातलेल्या राजाची आठवण काढतो, त्याचे राज्य पुन्हा यावे म्हणून ओवाळतो, आणि त्यानंतर पोटभर जेवतो. हरलेल्याची आठवण आणि करंजी एका ताटात बसू शकतात हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

दुसरा आक्षेप असा की त्या बेटाशी आपला संबंध काय. संबंध नावापासूनच आहे. कोलंबस हिंदुस्थान आणि त्यापलीकडची पूर्व शोधायला निघाला होता. पोचला भलतीकडे, आणि भेटलेल्या लोकांना त्याने आपले नाव देऊन टाकले. वेस्ट इंडीजचे क्रिकेट चवीने ऐकणाऱ्या पिढीला ‘वेस्ट’ कशासाठी लागले हे कधीतरी कळायला हवे. पोर्तुगीजांनी गोवा घेतले १५१० साली, म्हणजे माँतेसिनोसच्या प्रवचनाच्या एक वर्ष आधी. जुन्या गोव्याची देवळे पाहताना जो आनंद आणि जी रुखरुख एकदम होते, ती सांतो दोमिंगोत का होऊ नये? आणि सर्वांत जवळचा संबंध आपल्या स्वयंपाकघरात आहे. ‘बटाटा’ हा शब्द मूळचा तैनोंचा; त्यांच्याकडे तो रताळ्याला लावत. स्पॅनिश आणि पोर्तुगीज तोंडांतून तो आपल्या किनाऱ्याला लागला आणि एका कंदावरून दुसऱ्यावर गेला. इंग्रजांचे ‘हरिकेन’ आणि ‘हॅमॉक’ हेही त्याच भाषेतले. ज्यांना संपलेली जमात म्हणून दोन ओळींत गुंडाळतात, त्यांचा एक शब्द आपण एकादशीला उपासाच्या ताटात घेतो.

तेव्हा जायचे असेल तर अवश्य जावे, पण बेत बदलून. गुरुवारी संध्याकाळपर्यंत पोचावे. विमानतळ शहराच्या पूर्वेस पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा मोसम, त्याचे भान ठेवून तिकीट काढावे. उतारा जुन्या शहरातच असावा. शंभर हेक्टरच्या आसपासचा तो भाग पायीच पाहण्याजोगा आहे. रंगीत गाडीत बसून कानात ध्वनिफीत घालून तो ‘उरकू’ नये. संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून मुक्काम लांबवला तरी त्या दिवसावर भरवसा ठेवू नये.

शुक्रवारी पहिली फेरी कॅथीड्रलकडे न नेता समुद्राकडे न्यावी. मालेकोन या किनारी रस्त्याच्या आरंभी माँतेसिनोसचा प्रचंड पुतळा आहे, सुमारे पंधरा मीटर उंच, १९८२ साली मेक्सिकोने भेट दिलेला. एक हात तोंडाशी नेऊन तो समुद्राकडे ओरडतो आहे. मुलांना तेथे गोष्ट सांगावी, आणि मग त्यांना घेऊन जुन्या शहरात शिरावे. मग डोमिनिकनांचा मठ, ओव्हांदोचे घर, दिएगो कोलंबसाचा वाडा, कॅथीड्रल सारे पाहावे. कॅथीड्रलात १५८६ साली इंग्रज चाचा ड्रेक मुक्काम ठोकून बसला होता आणि पंचवीस हजार डुकाट खंडणी घेऊन हलला, हेही सांगावे. लुटणाऱ्यांना लुटणारा भेटतो तेव्हा मुले खूश होतात.

शनिवारी मालेकोननेच पश्चिमेकडे जावे. १९३० च्या वादळानंतर हुकूमशहा त्रुहियोने शहर पुन्हा उभारले आणि १९३६ साली त्याला स्वतःचे नाव दिले, ‘सिउदाद त्रुहियो’. पुढच्याच वर्षी या नामकरणाच्या स्मरणार्थ किनाऱ्यावर एक उंच स्तंभ उभारला. त्याच वर्षी त्याच्या सैन्याने सरहद्दीवर हजारो हैतियन माणसे कापून काढली. २५ नोव्हेंबर १९६० रोजी त्याला विरोध करणाऱ्या मिराबाल भगिनींपैकी तिघींचा त्याने खून करवला. पुढल्या मे महिन्यात तो स्वतः मारला गेला आणि शहराला जुने नाव परत मिळाले. त्या स्तंभावर १९९७ साली या बहिणींची चित्रे रंगवली गेली. इतका चोख न्याय दगडावर झालेला आम्हांला दुसरा माहीत नाही. जुन्या शहरातले प्रतिकार-स्मृती संग्रहालयही याच दिवशी पाहावे. हैतियनांचा प्रश्न मात्र त्रुहियोबरोबर संपला नाही. २०१३ साली तेथल्या घटना न्यायालयाने, परवानगीवाचून राहणाऱ्या परदेशी आईबापांच्या पोटी १९२९ पासून जन्मलेल्यांचे नागरिकत्व अमान्य केले. त्यात बहुतेक हैतियन वंशाचे होते, आणि पिढ्यान्पिढ्या त्याच देशात ऊस तोडणाऱ्यांची मुले होती. ही माणसे नव्हेत काय, हा प्रश्न त्याच शहरात पुन्हा उभा राहिला.

वगळायचे ते एकच: नदीपलीकडचा कोलंबसाचा दीपस्तंभ. १९९२ साली पाचशे वर्षांच्या सोहळ्यासाठी पुरा केलेला दोनशे मीटरहून लांब काँक्रीटचा क्रूस. त्यासाठी गरिबांच्या वस्त्या उठवल्या, आणि उरलेल्या पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून भिंत घातली. आत कोलंबसाच्या अस्थी आहेत म्हणतात. सेव्हिलचे लोक म्हणतात त्या आमच्याकडे. दोघांनी खुशाल वाटून घ्याव्यात. त्या वेळात, शक्य असेल तर, शहराबाहेर बोका दे निग्वा येथील जुन्या साखर कारखान्याचे अवशेष पाहावेत. मळ्यावर राबणारे कोठे राबत होते ते तेथे दिसते, आणि १७९६ साली तेथेही गुलामांनी बंड केले होते.

जेवणाची काळजी घरच्यांनी करू नये. भात आणि घेवड्यासारख्या दाण्यांची आमटी हे तेथले रोजचे अन्न. शाकाहारी मंडळींनी आमटीत मांस नाही ना एवढे विचारून घ्यावे. कच्च्या केळ्यांचा ‘मांगू’ सकाळी खावा. आणि रविवारी परतण्यापूर्वी ‘कासाबे’ घ्यावा. साबुदाणा ज्या कंदापासून करतात त्याच कंदाच्या किसाची ही पातळ, कोरडी भाकरी तैनोंच्या तव्यावरून आजच्या दुकानात सरळ चालत आली आहे, आणि २०२४ साली युनेस्कोने तिलाही वारशाच्या यादीत घेतले. ती बरेच दिवस टिकते. भाऊबिजेनंतर उरलेल्या फराळाच्या डब्यात सहज मावेल.