विश्लेषण : ओळखीच्या घोटाळ्यातली प्रेमकथा गोड कधी, खटकते कधी?

पत्रांतून जिच्यावर जीव जडला, तीच दुकानात रोज भांडणारी सहकारी निघते. हलक्याफुलक्या प्रेमकथांचा हा साचा आठ दशकांनंतरही खपतो. वाचकाला हसू येते ते घोटाळ्याचे. पण कथेचा खरा कस लागतो तो घोटाळा एकाला कळल्यानंतर.

कथेचे मूळ कुठे?

हंगेरीचे नाटककार मिक्लोश लास्लो यांच्या १९३७ च्या ‘पार्फ्युमरी’ या नाटकात. त्यावरून अर्न्स्ट ल्युबिच यांनी १९४० मध्ये ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ हा चित्रपट केला. पुढे १९६३ मध्ये ब्रॉडवेवर ‘शी लव्हज मी’ हे संगीतनाट्य आले. १९९८ मध्ये नोरा एफ्रॉन यांनी ‘यू हॅव गॉट मेल’मध्ये पत्रांच्या जागी ईमेल आणला आणि सहकाऱ्यांना धंद्यातले प्रतिस्पर्धी केले.

धंद्याचीच पार्श्वभूमी का?

दुकानात माणूस पद, पगार आणि गल्ला सांभाळून बोलतो. निनावी पत्रात यातले काहीच आड येत नाही. त्यामुळे एकाच माणसाची दोन रूपे दिसतात, एक व्यवहारातले, दुसरे मनातले. ती जुळतील का, ही उत्सुकता कथा पुढे नेते.

मग खटकते काय?

दोन्ही चित्रपटांत सत्य आधी नायकाला कळते आणि तो गप्प राहतो. १९४० चा नायक त्या क्षणी नुकतीच नोकरी गमावलेला आहे. त्याच्या गप्प राहण्यात संकोच आहे. १९९८ च्या नायकाचे तसे नाही. त्याच्या पुस्तकविक्री साखळीमुळे नायिकेचे आईपासून चालत आलेले छोटे दुकान बंद पडते. पैसाही त्याच्याकडे, माहितीही त्याच्याकडे. शेवटी प्रेम जुळते, पण दुकान बंदच राहते. हा हिशेब चित्रपट हसतहसत मिटवतो.

मराठी प्रेक्षक सोंग का माफ करतो?

‘अशी ही बनवाबनवी’त (१९८८) दोन मित्र बायकांची सोंगे घेतात ती डोक्यावर छप्पर हवे म्हणून. अडलेल्याचे सोंग प्रेक्षक पोटात घालतो; वरचढ माणसाची लपवाछपवी त्याला फसवणूक वाटते. भागीदार असोत की प्रतिस्पर्धी, नियम हाच.

आज याचा अर्थ काय?

मोबाइलवर बनावट नाव घेणे पत्रापेक्षा सोपे झाले आहे. त्यामुळे अशा कथांनी एक पथ्य पाळायला हवे : दोघेही अंधारात असतील तोवर गंमत. एकाला कळले की घड्याळ सुरू होते. त्यानंतर तो किती काळ गप्प राहिला आणि त्या काळात नुकसान कोणाचे झाले, यावर ती प्रेमकथा की फसवणूक, हे ठरते.