सगळीकडे वळणारं डोकं

दुर्बिणीसाठी बॉल हेड घेऊ नये. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे घाईतल्या मंडळींना पुढे वाचायचे कष्ट नकोत. बाकीच्यांनी जरा टेका.

विषय आहे ट्रायपॉडच्या डोक्याचा. तीन पायांच्या वर जो तुकडा बसतो आणि ज्याच्यावर दुर्बीण बसते, तो. एवढ्याशा तुकड्यावरून सत्तरी उलटलेल्या मास्तरीणबाईंनी भांडावं असं त्यात काय आहे, असं तुम्हाला वाटेल. आहे, म्हणून तर लिहायला बसले.

माझी लेक अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात टुसॉनला असते आणि गेली काही वर्षं माझे हिवाळे तिच्याकडे जातात. तिथून दक्षिणेला मेक्सिकोच्या सरहद्दीपर्यंत वाळवंटातून एकेकटे वर आलेले डोंगर आहेत. सांता रिटा, चिरिकाहुआ अशी त्यांची नावं. पायथ्याशी निवडुंग, वर ओक, त्याहून वर पाइन. या डोंगरांत पांढऱ्या शेपटीचं एक लहानखुरं हरीण राहतं, त्याला कूझ हरीण म्हणतात. (एलियट काऊज नावाच्या लष्करी डॉक्टरच्या नावावरून. हा गृहस्थ मोठा पक्षीशास्त्रज्ञही होता. आपलं आडनाव तो 'काऊज' असं उच्चारायचा, पण शिकाऱ्यांनी त्याचं 'कूझ' करून टाकलं ते कायमचं.) खांद्यापाशी जेमतेम पाऊण मीटर उंच, रंग राखेसारखा. समोरच्या उतारावर उभं असलं तरी डोळ्यांना दिसेल तर शपथ!

म्हणून तिथले शिकारी फार हिंडत नाहीत, बसतात. पहाटे डोंगराच्या सोंडेवर ठाण मांडायचं आणि फणीनं केस विंचरावे तसा समोरचा अख्खा उतार दुर्बिणीनं तासन् तास विंचरून काढायचा. याला ते ग्लासिंग म्हणतात. आपल्याकडे 'ग्लास घेऊन बसलाय' म्हटलं की भलताच अर्थ निघेल, म्हणून मी 'न्याहाळणं' म्हणते.

मी स्वतः शिकारीच्या वाटेला जात नाही. १९७२ साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला तेव्हा मी बी.ए.ला होते, आणि तो झाला ते उत्तमच झालं असं माझं आजही मत आहे. तिथली व्यवस्था निराळी. परवाना, मोसम, संख्या सगळं ठरवून दिलेलं असतं. लेकीचा शेजारी माझ्याच वयाचा, जुना शिकारी. तो हरणांसाठी बसतो, मी पक्ष्यांसाठी बसते, सोंड एकच. आणि आमचं भांडण हेडवरून.

तो म्हणतो, बॉल हेड हलकं असतं, एकच खिट्टी सैल केली की हवं तिकडे वळतं, शिवाय कॅमेऱ्यालाही चालतं. मग दुर्बिणीला वेगळं कशाला?

मी वर्गात सांध्यांचा धडा शिकवायचे तेव्हा दोन सांधे मुलांना उठवून करून दाखवायला लावायची. खांद्याचा तो उखळीचा सांधा, हात गरागरा कुठेही फिरतो. कोपराचा तो बिजागरीचा, फक्त उघडतो आणि मिटतो. बॉल हेड म्हणजे उखळीचा सांधा. उखळीत गोळा बसवलेला, खिट्टी सोडली की तो सगळ्या दिशांना एकदम मोकळा. दुर्बिणीला मात्र दोनच हालचाली लागतात. एक डावी-उजवीकडे, एक खाली-वर. म्हणजे दोन बिजागऱ्या, एकमेकींना काटकोनात, आणि दोन्ही आपापल्या स्वतंत्र. अशा हेडला पॅन हेड म्हणतात, आणि त्यात आतून घट्ट ग्रीस भरलेलं असलं तर फ्लुइड हेड.

तिसरी हालचाल, म्हणजे एका कुशीवर कलणं, ही दुर्बिणीला नुसती अनावश्यक नाही, त्रासाची आहे. एका डोळ्यानं पाहायची मोठी दुर्बीण, जिला स्पॉटिंग स्कोप म्हणतात, ती थोडी कलली तरी काही बिघडत नाही. नळी ती नळीच. पण आपली नेहमीची दुर्बीण दोन डोळ्यांची आणि आपले दोन डोळे एका आडव्या रेषेत. दुर्बीण डावीकडे कलली की मानही डावीकडे कलवावी लागते. पाच मिनिटं चालतं. दोन तास असं बसून दाखवा, मग मानेच्या पट्ट्याची किंमत विचारायला जा.

पुण्यातल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात मी पॅन हेड मागितलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, ते जुनं झालं. हे घ्या, हे सगळीकडे वळतं." मी म्हटलं, बाळा, सगळीकडे वळतं हीच तर माझी तक्रार आहे. मग त्यानं खोक्यावर छापलेला आकडा दाखवला, वीस किलो वजन पेलतं म्हणे! दहा पटीची दुर्बीण पाऊण किलोच्या आसपास असते. पंधरा पटीची, छपन्न मिलिमीटर भिंगांची ती मोठी दुर्बीण कूझवाल्या शिकाऱ्यांची लाडकी, तीसुद्धा सव्वा किलोच्या आगेमागे. वीस किलो काय, मी त्यावर तांदळाचं पोतं ठेवणार आहे? हेड किती वजन पेलतं हा प्रश्नच नाही. सोडल्यावर ते जागेवर राहतं का, हा प्रश्न आहे. तो आकडा खोक्यावर कुणी छापत नाही.

का राहत नाही तेही सांगते. दुर्बिणीच्या मधल्या दांड्याला पुढच्या टोकाशी एक टोपण असतं, ते काढलं की आत आट्यांचं भोक दिसतं. त्यात इंग्रजी एल अक्षरासारखी पट्टी बसवायची आणि ती हेडवर. त्यामुळे दुर्बीण हेडच्या सांध्यापासून चांगली वीतभर उंच जाते. उंच आणि वर जड, म्हणजे जरा सैल केलं की कलंडायला तयार. फ्लुइड हेडमध्ये ग्रीसचा थर हालचालीला सारखा विरोध करत राहतो, त्यामुळे हात काढला तरी ती थांबते. बॉलची खिट्टी सोडलीत की दुर्बीण नाक जमिनीला लावते. मग एका हातानं दुर्बीण धरायची, दुसऱ्यानं खिट्टी पिळायची, आणि पिळता पिळता ती पुन्हा जराशी खाली बसतेच.

"जराशीच ना?" असं शेजारी म्हणतो. इथे त्याला माझा गणिताचा तास ऐकावा लागतो. पंधरा पटीच्या दुर्बिणीतून हजार मीटरवर साधारण पाऊणशे मीटर रुंदीचा गोल दिसतो. उतार विंचरायचा म्हणजे तो गोल एका जागी स्थिर ठेवायचा आणि आतल्या आत फक्त डोळे फिरवायचे, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. कान हलला का, शेपटी हलली का, झुडुपाखाली आडवी रेघ आहे का. मग दुर्बीण शेजारच्या गोलावर न्यायची, आधीच्या गोलाचा थोडा भाग पुन्हा येईल अशी. ओळ संपली की एक गोल खाली. पाटीवर ओळीनं अक्षरं लिहावीत तसं. दर सरकवणीला उंची जराशी चुकली तर वीस सरकवण्यांनंतर तुम्ही कुठल्या ओळीत आहात हे देवालाच ठाऊक. जे पट्टे सुटले त्यांतच हरीण असतं. पॅन हेडवर खालीवरची बिजागरी आवळून ठेवली की आडवी ओळ आडवीच राहते.

आता खरं कारण. मागच्या जानेवारीत शेजाऱ्याबरोबर त्याच्या ओळखीचा एक तरुण आला होता. बॉल हेड, वर भारी दुर्बीण, मांडीवर बंदूक. समोरच्या घळीत झुडुपामागे काही तरी तपकिरी हललं. पोरानं नीट पाहायला खिट्टी सोडली, दुर्बीण कलंडली, जागा हरवली. जानेवारी हा त्या हरणांच्या माजाचा महिना, नर दिवसाही बाहेर पडतात, म्हणजे पोराची घालमेल विचारू नका. त्यानं बंदूक उचलली आणि तिच्यावरच्या दुर्बिणीतून घळ शोधायला लागला. सापडलं त्याला. तपकिरी जाकीट घातलेला एक माणूस दगडावर बसून सफरचंद खात होता.

बंदुकीच्या दुर्बिणीतून ओळख पटवायची नाही, कारण जिकडे ती पाहते तिकडेच नळी रोखलेली असते. हे तिथे शिकारीच्या प्राथमिक शिक्षणात शिकवतात. शेजाऱ्यानं त्या मुलाला असं फैलावर घेतलं की मलाच उठून चार पावलं लांब जावंसं वाटलं. चूक मुलाची, यात वाद नाही. पण जे अवजार ऐन वेळी मान टाकतं ते माणसाला दुसऱ्या अवजाराकडे ढकलतं, हे माझं म्हणणं शेजाऱ्याला पटत नाही. तो म्हणतो, शिस्त पाहिजे. मी चाळीसेक वर्षं शिस्त लावली आहे हो! शिस्तही जिथे सोय असते तिथे लवकर लागते.

आणि माणसाचं सोडा, हरणाचंही आहे. त्याच मुलखात म्यूल डिअर नावाचं दुसरं हरीण आहे, खेचरासारखे मोठे कान असलेलं. काही परवाने एकाच जातीचे असतात. म्यूलच्या शिंगाला फाटा फुटतो आणि त्या फाट्याला पुन्हा फाटा. पांढऱ्या शेपटीवाल्याच्या शिंगाचा दांडा एकच, त्यावर टोकं उभी. किलोमीटरवर, गवतातून, अर्ध्या उजेडात हा फरक ओळखायचा तर दुर्बीण दगडासारखी स्थिर हवी. दहा पटीची दुर्बीण हाताचा कंपही दहा पट दाखवते. दुर्बिणीला दोन हजार डॉलर मोजणारी माणसं हेडला शंभर द्यायला कां कूं करतात, तेव्हा मला सोन्याचा मुलामा दिलेली घागर आणि खाली कुजकी चुंबळ आठवते.

बाकीच्या प्रकारांचं थोडक्यात. पिस्तुलाच्या मुठीसारखं हेड येतं, चाप दाबला की गोळा सुटतो. आत उखळच, फक्त वेश निराळा. तीन दांड्यांचं फोटोचं हेड चालेल, पण एक दांडा फुकटचा आणि तो नेमका हनुवटीत घुसतो. गिंबल हे मोठ्या लेन्सवाल्यांचं, सोडून द्या.

फ्लुइड हेडचे दोष नाहीत असं नाही. जड असतं, अर्ध्या किलोपासून किलोपर्यंत, आणि चढावर ते जाणवतं. पण वजनच कमी करायचं तर डब्यातलं करा. दुसरं म्हणजे पाया आडवा नसेल तर पॅन हेड ओळही तिरपीच काढणार. गवंडी पाणसळ लावल्याशिवाय वीट ठेवत नाही तसं आधी पाय खालीवर करून हेडवरचा बुडबुडा मध्ये आणायचा. तेवढा धीर नसेल तर हेडखाली बसवायची वाटीसारखी बैठक मिळते. गंमत म्हणजे त्या वाटीत गोळाच असतो! तिथे तो शोभतो, कारण एकदा आवळला की दिवसभर त्याला हात लावायचा नसतो. मधला दांडा वर काढू नका, वाऱ्यात डुलतो. उंची हवी असेल तर पाय लांबवा, आणि खरं तर बसूनच पाहा.

फोटोवाल्यांनी रागावू नये. एक चौकट धरायची, आवळायची, बटण दाबायचं, या कामाला बॉल हेड झकास. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी मोजताना मात्र तेच हेड आणलेली मुलं दर दहा पक्ष्यांनंतर कुठपर्यंत मोजलं ते विसरतात, आणि मग माझ्याकडे येतात.

थंडीत फ्लुइड हेडचं ग्रीस आळतं, हेही शेजाऱ्याचं म्हणणं खरं आहे. डिसेंबरात पहाटे त्या डोंगरांवर पारा शून्याखाली जातो आणि हेड पाकातल्या चमच्यासारखं जड फिरतं. म्हणून मी ते रात्री गाडीत ठेवू देत नाही, घरात ठेवते, आणि जाताना शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसते. तो हसतो. त्याच्या ट्रायपॉडवर अजून बॉलच आहे. येत्या हिवाळ्यात पुन्हा विषय काढणार आहे.