विश्लेषण : विक्रेत्याच्या मध्यस्थाची दलाली खरेदीदाराने द्यावी काय?

बेंगळुरू : घर विकणाऱ्याने नेमलेल्या मध्यस्थाला खरेदीदाराकडूनही दलाली घेता येते काय? बेंगळुरूच्या घरबाजारात दोन्ही बाजूंकडून दलाली घेण्याची प्रथा रूढ असल्याने हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कायद्याने अशा दलालीला मनाई केलेली नाही. तथापि खरेदीदाराने मान्य केल्याशिवाय ती त्याच्यावर बंधनकारकही ठरत नाही.

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ अर्थात ‘रेरा’ कायदा दलाली कोणी द्यावी वा किती असावी, हे ठरवीत नाही. नोंदणीकृत प्रकल्पातील व्यवहारासाठी मात्र मध्यस्थाने स्वतःची नोंदणी करणे कलम ९ नुसार अनिवार्य आहे. उल्लंघनासाठी प्रतिदिन १० हजार रुपये, एकूण मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत, दंडाची तरतूद आहे.

जुन्या घरांच्या पुनर्विक्रीत बहुधा भारतीय करार अधिनियम, १८७२ चाच आधार उरतो. त्यातील कलम २२० नुसार, कामात गैरवर्तन करणारा प्रतिनिधी त्या कामाच्या मोबदल्याचा हक्क गमावतो.

एक कोटी रुपयांच्या घरावर २ टक्के दलाली म्हणजे २ लाख रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी लागू झाल्यास आणखी ३६ हजार. परंतु खरा पेच हितसंबंधांचा आहे. किंमत चढली की टक्केवारीने मिळणारी दलालीही वाढते. खरेदीदाराचे हित नेमके उलट असते. त्यामुळे टोकन रक्कम देण्यापूर्वीच दलालीचा दर, ती देण्याची वेळ आणि विक्रेत्याकडून मध्यस्थाला मिळणारी रक्कम लेखी नोंदवून घेणे, हेच खरेदीदाराचे खरे संरक्षण होय.