निखाऱ्याची ऊब आणि बंद दार

मार्गशीर्ष सरता सरता निफाडचा पारा खाली उतरल्याच्या बातम्या येऊ लागतात. आपण घराच्या खिडक्या लावून घेतो, कपाटातल्या रजया बाहेर काढतो आणि निश्चिंत होतो. त्याच वेळी शेजारच्या अर्धवट बांधकामावर, किंवा आपल्याच इमारतीच्या फाटकापाशी, कोणीतरी घमेल्यात शटरिंगच्या फळ्यांचे तुकडे पेटवून हात शेकत बसलेले असते. राखणदाराचे हे काम करणाऱ्यांत साठी ओलांडलेली माणसे पुष्कळ असतात. निवृत्तीनंतर घरखर्चाला हातभार म्हणून पत्करलेली ती नोकरी असते. आपल्या वाचकांपैकी कोणी स्वतः ती करत असतील, कोणाचे वडील वा सासरे करत असतील. नसतील, तर आपल्या फाटकावरचे काका तरी आहेतच. म्हणून या वेळी शेगडीविषयी लिहायचे ठरवले.

उघड्यावर पेटवलेल्या शेकोटीविषयी माझी फारशी तक्रार नाही. धूर डोळ्यांत जातो, दम्याच्या रुग्णाला खोकला लागतो, कपड्यांवर ठिणगी उडू शकते. पण आकाश मोकळे असते. खरा धोका सुरू होतो तो मध्यरात्रीनंतर. लाकूड जळून जाते, ज्वाला खाली बसतात, धूर थांबतो आणि घमेल्यात लालबुंद निखारे उरतात. ‘आता धूर नाही, आता आत न्यायला हरकत नाही’, असे म्हणून ते घमेले पत्र्याच्या खोलीत नेले जाते, थंडी येऊ नये म्हणून दार लावले जाते, फटींत गोणपाट कोंबले जाते आणि माणूस पांघरूण घेऊन आडवा होतो. वाचकहो, या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: धूर थांबला म्हणजे धोका थांबला, असे नाही. बंद खोलीतला निखारा हा धुराच्या लाकडाइतकाच घातक असतो, आणि माणूस त्याच्याविषयी बेसावध असल्याने अधिकच फसवा ठरतो.

न दिसणारा वायू

कोळसा, लाकूड, रॉकेल, डिझेल, गॅस यांपैकी काहीही जळताना भरपूर हवा मिळाली तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढू लागतो. धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून तो सतत बाहेर पडत असतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही आणि तो घशाला खवखवतही नाही. धुराने माणूस खोकतो, जागा होतो, दार उघडतो. हा वायू झोपलेल्याला जागे करत नाही. त्याची झोप अधिक गाढ करतो.

आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन फुफ्फुसांतून ऑक्सिजन घेऊन तो शरीरभर पोचवते. कार्बन मोनॉक्साइड याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण अगदी थोडे असले तरी तासातासाने रक्तातली जागा तो व्यापत जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ च्या सुमारास ही गोष्ट उलगडून दाखवली. पुढे ब्रिटनमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन यांनी कोळशाच्या खाणींत उंदरांसारखे छोटे प्राणी वा पक्षी सोबत नेण्याचा उपाय सुचवला. लहान जिवाला हा वायू लवकर बाधतो, म्हणून पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी कोसळला की कामगार बाहेर पळत. ब्रिटिश खाणींतून हे पक्षी १९८६ मध्ये हद्दपार झाले आणि त्यांची जागा यंत्रांनी घेतली. आपल्या बांधकामावरच्या चौकीत मात्र बहुधा ना पक्षी असतो, ना यंत्र.

हा धोका केवळ कोळशाचा आहे, असेही समजू नका. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामण येथे केरळचे आठ पर्यटक, चार मोठी माणसे आणि चार लहान मुले, बंद खोलीत गॅसवरचा हीटर लावून झोपले आणि दगावले. गॅसची निळी ज्योत स्वच्छ दिसते, म्हणून ती निर्धोक ठरत नाही. ज्योत पिवळी पडली, काजळी धरू लागली, तर जळण अपुरे होत आहे याची ती खूण असते. पण ज्योत निळी असली तरी खोली बंद ठेवण्याची मुभा मिळत नाही.

सकाळची डोकेदुखी

माझ्याकडे येणाऱ्या एका वृद्ध राखणदारांची गोष्ट सांगतो. पंधरा दिवस रोज पहाटे डोके ठणकायचे, मळमळायचे, उठताना भोवंडल्यासारखे व्हायचे. दुपारपर्यंत सारे निवळायचे. घरच्यांना रक्तदाब वाढला असेल असे वाटत होते, पण तो आटोक्यात होता. ‘काका, रात्री झोपता कुठे?’ असे विचारल्यावर उत्तर आले, ‘केबिनमध्येच. शेगडी असते ना, थंडी वाजत नाही.’ रविवारी सुट्टीला घरी झोपले की डोके दुखत नसे, हेही त्यांनीच सांगितले. शेगडी बाहेर गेली आणि डोकेदुखीही गेली. औषध काहीच लागले नाही.

या विषबाधेची लक्षणे साधी आणि फसवी असतात: डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे, धाप, डोक्यात गोंधळ होणे. वृद्धांमध्ये हे सारे वयावर, पित्तावर, साखर कमी होण्यावर किंवा अर्धांगवायूच्या शंकेवर ढकलले जाते. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्यांना थोड्याशा वायूनेही छातीत दुखू शकते. रक्तक्षय किंवा फुफ्फुसांचा जुना विकार असलेल्यांना, गरोदर स्त्रियांना आणि तान्ह्या बाळांना धोका अधिक. बांधकामावरच्या झोपड्यांत कामगारांची कुटुंबेही राहतात, हे विसरू नये.

तीन खुणा लक्षात ठेवा. एका खोलीतल्या अनेकांना एकाच वेळी तसाच त्रास होणे. बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटणे. आणि खोलीत काहीतरी जळत असणे. तिन्ही जुळल्या, तर दुसरे कारण शोधत बसू नका.

दोन भ्रम

पहिला भ्रम असा, की खोलीत पाण्याची बादली ठेवली की विषारी वायू पाण्यात विरतो. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बादलीमुळे हवेतला कोरडेपणा थोडा कमी होईल आणि आग लागली तर ती हाताशी असेल, इतकाच तिचा उपयोग.

दुसरा भ्रम असा, की हा वायू जड असल्याने जमिनीलगत राहतो आणि खाटेवर झोपणारा सुरक्षित असतो. कार्बन मोनॉक्साइडचे वजन हवेइतकेच, किंचित कमी, असते आणि तो साऱ्या खोलीत मिसळून जातो. जमिनीलगत साचतो तो गळती झालेला स्वयंपाकाचा गॅस. तो हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात वा तळघरात साठून राहतो. दोन्हींचे धोके वेगळे; एक गुदमरवतो, दुसरा भडकतो.

शेगडी वापरायचीच असेल तर

आजचे बांधकाम म्हणजे उद्याचे कोणाचे तरी घर. तिथे रात्र काढणाऱ्यांना थंडी वाजतेच, म्हणून ‘शेगडी नकोच’ एवढे म्हणून भागत नाही. पुढील पथ्ये पाळावीत, आणि मुकादमांनी ती पाळली जात आहेत ना, हे पाहावे.

१. कोळशाची वा लाकडाची शेगडी उघड्यावरच असावी. निखारेही आत आणू नयेत. झोपण्यापूर्वी ते पाणी टाकून पूर्ण विझवावेत आणि राखही बाहेरच ठेवावी. वरून काळा दिसणारा कोळसा आतून पेटलेला असू शकतो.

२. गॅसचा किंवा रॉकेलचा हीटर आडोशाला वापरायचा असेल, तर समोरासमोरच्या दोन बाजू उघड्या हव्यात. केवळ एक खिडकी किलकिली करणे पुरेसे नाही. झोपण्यापूर्वी हीटर बंद. जागे असलेल्यानेच तो वापरावा, हा नियम ठेवावा.

३. हीटरभोवती किमान तीन फूट जागा मोकळी असावी. ताडपत्री, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, रंग, थिनर, भुसा यांपासून तो लांब असावा. तो सपाट जागी, येण्याजाण्याच्या वाटेबाहेर ठेवावा.

४. रॉकेल भरायचे ते हीटर विझवून, गार झाल्यावर आणि बाहेर. रॉकेलच्या हीटरमध्ये पेट्रोल कदापि घालू नये. गॅसचा सिलिंडर उभाच असावा. नळी आणि रेग्युलेटरचा जोड साबणाच्या पाण्याने तपासावा, काडी ओढून नव्हे.

५. रंग दिलेल्या, सिमेंटची घोटाई केलेल्या, रासायनिक विलेपन केलेल्या जळाऊ लाकडांचा वापर टाळावा. त्यांचा धूर अधिक विषारी असतो.

६. जनरेटर तळघरात किंवा बंद पार्किंगमध्ये चालवू नये. तोही हाच वायू सोडतो.

७. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे बॅटरीवरचे छोटे यंत्र बाजारात मिळते. धुराचा इशारा देणारे यंत्र वेगळे; ते हा वायू ओळखत नाही. यंत्र असले तरी वरची पथ्ये सुटत नाहीत.

मधुमेह असलेल्यांसाठी आणखी एक सूचना. पायांची संवेदना कमी झालेली असेल, तर शेगडीजवळ पाय शेकू नयेत. कातडी भाजत असल्याचे कळत नाही आणि सकाळी फोड दिसतात. अशा जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत.

प्रसंग ओढवला तर

खोलीत कोणी बेशुद्ध दिसले, तर आधी दारे-खिडक्या सताड उघडा, त्या माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा आणि मगच शेगडीकडे पाहा. स्वतः त्या बंद खोलीत रेंगाळू नका. वाचवायला गेलेलेही त्यात सापडतात. गॅसचा वास येत असेल तर दिव्याचे बटण दाबू नका. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा. श्वास थांबला असेल आणि येत असेल तर छातीवर दाब देण्याचे प्रथमोपचार सुरू करा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी, चहा, लिंबू सरबत काहीही घालू नका. कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नका.

करोनाच्या काळापासून बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बहुतेक घरांत आला आहे. या विषबाधेत त्याच्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्त त्या यंत्राला ऑक्सिजनने भरलेल्या रक्तासारखेच दिसते. आकडा ९८ असूनही माणूस संकटात असू शकतो.

रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: ‘बंद खोलीत शेगडी होती.’ हे कळले की रक्तातील कार्बन मोनॉक्साइडची तपासणी आणि मुखवट्याने भरपूर ऑक्सिजन, ही दिशा लगेच ठरते. साध्या हवेत या वायूचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिल्यास हाच काळ साधारण तास-दीड तासावर येतो. बरे वाटले म्हणून लगेच उठून घरीही जाऊ नका. काही रुग्णांत काही दिवसांनी वा आठवड्यांनी विसराळूपणा, चालण्यातला अडखळलेपणा, स्वभावातला बदल दिसू लागतो. म्हाताऱ्या माणसात हे वार्धक्य समजून सोडून दिले जाते. असे काही जाणवले तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा आणि शेगडीची घटना आठवणीने सांगा.

ऊब द्यायची कशी?

शेगडी काढून घेतली तर तिच्या जागी काहीतरी द्यायला हवे. थंडी बरीचशी जमिनीतून येते. म्हणून फरशीवर अंथरण्याऐवजी खाट किंवा लाकडी फळी द्यावी, तिच्यावर गोणपाट किंवा पुठ्ठ्याचे थर घालून मग गादी पसरावी. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे अधिक ऊब देतात. कानटोपी, लोकरीचे मोजे आणि थर्मासमध्ये गरम चहा वा पेज असावी. दारूने अंगात ऊब आल्यासारखे वाटते, पण कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावून शरीराची उष्णता उलट बाहेर जाते. विजेची सोय असेल तर चांगल्या वायरिंगवर विजेचा हीटर लावावा. त्यातून हा वायू निघत नाही. मात्र तोही पांघरुणापासून लांब ठेवावा.

बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्यात कामाच्या जागी किंवा जवळपास तात्पुरत्या निवाऱ्याची मोफत सोय करण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली होती. निवारा म्हणजे केवळ चार पत्रे नव्हेत; त्यात रात्र सुरक्षित काढता आली पाहिजे. आपल्या सोसायटीच्या राखणदारांच्या बाबतीत तर ठेकेदाराची वाट पाहण्याचेही कारण नाही. एक खाट, दोन चांगल्या घोंगड्या आणि थर्मास यांचा खर्च सदस्यांमध्ये वाटला तर जाणवणारही नाही.

आपल्यापैकी अनेकांना रात्री जेवणानंतर शतपावली घालायची सवय असते. आज ती फाटकापर्यंत घाला. केबिनमध्ये डोकावून पाहा: शेगडी कुठे आहे, खिडकी उघडते का, गोणपाट कशात कोंबले आहे. काकांना पहाटे डोके दुखते का, तेही विचारा. शेगडी आत असेल, तर त्यांना हे नुसते सांगून परत येऊ नका. ती बाहेर ठेवायला हात लावा आणि येताना घरातली जास्तीची रजई त्यांच्या हाती द्या.